दाब उतरल्याचा पुरावा

बॅकहो लोडरवरचा गिअर पंप उतरवण्याचे काम सांगायला सोपे आहे. दोन होज सोडायचे, फ्लँजचे बोल्ट काढायचे आणि पंप सरळ मागे ओढून त्याचा शाफ्ट स्प्लाइनमधून मोकळा करायचा. हाताला सवय असलेला फिटर ते झटपट उरकतो. तरीही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या कृतीच्या आधी सूचनांची मोठी जंत्री असते. यंत्र सपाटीवर उभे करा, बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून किल्ली काढा, लिव्हर सगळ्या दिशांना हलवा, टाकीचे झाकण सैल करून आतली हवा सोडा, तेल निवू द्या, बॅटरीची तार काढा. हा मजकूर कंपनीने स्वतःच्या बचावासाठी छापला असणार, असे समजून पुष्कळ जण तो ओलांडून पुढे जातात. मला तो इतिहासाचा दस्तऐवज वाटतो. हायड्रॉलिक यंत्रांच्या सव्वादोनशे वर्षांच्या वाटचालीत कामगाराच्या हातून एक मोठी सोय गेली, ती म्हणजे यंत्रातला दाब डोळ्यांनी पाहण्याची. शक्ती जसजशी आटोपशीर आणि नजरेआड होत गेली, तसतसे ‘यंत्र बंद आहे’ हे नुसते बघून म्हणता येईनासे झाले. ते दर वेळी तपासून सिद्ध करावे लागू लागले, आणि ही सिद्ध करण्याची रीत घडायला यंत्रे घडण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागला.

सुरुवात पाण्यापासून झाली. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे पास्कालने सतराव्या शतकात मांडले होते. पण त्यातून कामाचे यंत्र उभे राहिले ते १७९५ साली, लंडनच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले तेव्हा. त्याची अडचण गळतीची होती. दट्ट्याभोवती इतके घट्ट सील हवे की पाणी बाहेर येऊ नये, आणि इतके सैल की दट्ट्या अडकू नये. त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेने चामड्याची वाटीसारखी कडा वापरून हा पेच सोडवला, असे मानले जाते. आतला दाब वाढला की तोच दाब चामड्याची कडा बाहेर दाबून धरी, म्हणजे जितका दाब जास्त तितके सील पक्के. आजच्या पंपातल्या रबरी सीलमागेही हीच युक्ती आहे.

दाब साठवून ठेवण्याची कल्पना मात्र न्यूकॅसलच्या विल्यम आर्मस्ट्राँगची. १८४० च्या दशकात त्याने बंदरावर पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन उभी केली आणि लवकरच अशा क्रेनना मागणी आली. पण क्रेन दिवसभर सारखी चालत नाही. ओझे उचलताना तिला क्षणभर प्रचंड शक्ती लागते, मग बराच वेळ काहीच नाही. तेवढ्या क्षणासाठी मोठे वाफेचे इंजिन पोसणे परवडणारे नव्हते. ग्रिम्सबीच्या गोदीत १८५२ साली तीनशे फुटांहून उंच मनोरा बांधून त्यावर पाण्याची टाकी ठेवली, ती याचसाठी. उंचीमुळे दाब मिळत राही. जिथे असा मनोरा बांधणे शक्य नव्हते तिथे आर्मस्ट्राँगने अॅक्युम्युलेटर आणला. उभ्या ओतीव सिलिंडरमध्ये एक दट्ट्या, आणि दट्ट्यावर खडी किंवा लोखंडी भंगार भरलेली अवजड पेटी. पंप पाणी भरत राही तशी पेटी वर चढे. टोकाला पोचली की स्वतःच वाफेची झडप बंद करून पंप थांबवी. क्रेनने पाणी खेचले की खाली उतरे. चौरस इंचाला सहाशे-सातशे पौंड, म्हणजे हवेच्या दाबाच्या चाळीस-पन्नास पट दाब, लहान इंजिनावर अहोरात्र हाताशी राहू लागला.

या यंत्राकडे फिटरच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट लगेच दिसते. शक्ती किती शिल्लक आहे हे सांगायला कुठलेच उपकरण लागत नव्हते. पेटी वर असेल तर दाब आहे, पेटी तळाला टेकली असेल तर नाही, हे गोदीच्या दुसऱ्या टोकावरूनही समजे. लंडनच्या टॉवर ब्रिजवर १८९४ मध्ये असे सहा अॅक्युम्युलेटर बसवले होते. लंडन हायड्रॉलिक पॉवर कंपनीने तर शहरभर नळांचे जाळे टाकून दाबाखालचे पाणीच विकले, आणि १९७७ पर्यंत हा धंदा चालला. मुंबईच्या गोदीतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्याच्या दाबावरच्या क्रेन होत्या. दुरुस्ती करायची तर नळावरची झडप फिरवायची आणि पाणी गटारात सोडायचे. झडपा, पंपघर आणि क्रेन सांभाळणारी माणसे वेगवेगळी, ठरलेली आणि पगारी होती. त्या काळी अपघात होत नव्हते असे नाही, पुष्कळ होत. पण धोका कुठे आहे हे माणसाला पाहता येत होते. गिरणगावातल्या गिरण्यांतही हेच चित्र होते. छताखालचा शाफ्ट फिरे, पट्टा मागावर येई, आणि पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की माग थांबे. म्हणूनच इंग्लंडचा १८४४ चा आणि हिंदुस्थानचा १८८१ चा फॅक्टरी कायदा हे दोन्ही फिरत्या भागांना कुंपण घालण्यावर भर देतात. जे फिरते ते धोक्याचे आणि जे थांबले ते निर्धोक, हा त्या पिढीचा समज त्या यंत्रांपुरता बराचसा खरा होता.

हा समज मोडला तो तेलाने. पाणी लोखंड गंजवते, थंडीत गोठते, वंगणाचे काम करत नाही. अमेरिकन नौदलाच्या ‘व्हर्जिनिया’ या युद्धनौकेवर १९०६ मध्ये तोफा हलवण्यासाठी तेलावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा बसली, आणि तिथून पुढे तेलाने पाण्याला हळूहळू हटवले. नील्स क्रिस्टेन्सनच्या ओ-रिंगला १९३९ मध्ये पेटंट मिळाले; तारेची जाळी विणलेले रबरी होज आले; कृत्रिम रबरामुळे तेलात न फुगणारी सील मिळू लागली. ही सगळी सामग्री जमल्यावर पंपघर, नळ आणि अॅक्युम्युलेटर यांचा पसारा आटून एका चालत्या वाहनात मावला. हॅरी फर्ग्युसनने हायड्रॉलिक उचल ट्रॅक्टरच्या पोटातच घातली. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरने ती अमेरिकेत शेतोशेती नेली. जोसेफ सिरिल बॅमफर्डचा पहिला बॅकहो लोडर १९५३ चा. फ्रान्समधल्या पोक्लेन कंपनीने १९६१ मध्ये पूर्ण गोल फिरणारा, पूर्णपणे हायड्रॉलिक टीवाय४५ बाजारात आणला. पुढे लार्सन अँड टुब्रोने पोक्लेनच्या तंत्रावर ही यंत्रे भारतात बनवली, आणि महाराष्ट्रात विहिरी, रस्ते, कालवे खोदणाऱ्या यंत्राला पोकलेन हेच नाव पडले.

या स्थित्यंतरात गिअर पंपाचा वाटा त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठा आहे. कल्पना जुनी, खाणीतले पाणी उपसण्यासाठी ग्रहांचा अभ्यासक योहानेस केप्लरने सतराव्या शतकाच्या आरंभी तिच्यावर डोके चालवले होते. एका घरात दोन दातेरी चाके एकमेकांत गुंतवून फिरवायची. तेल दातांमधल्या खाचांत सापडते, घराच्या भिंतीलगत बाहेरच्या बाजूने फिरून पलीकडे जाते, आणि दात एकमेकांत शिरले की त्याला परतायची वाट उरत नाही. झडपा नाहीत, सुटे भाग थोडे, किंमत कमी, थोडीफार घाण सहन करण्याची ताकद. ट्रॅक्टर, टिपर, बॅकहो, फोर्कलिफ्ट यांवर तो सर्रास दिसतो. मोठ्या एक्सकॅव्हेटरवर मुख्य काम पिस्टन पंप करतात, पण लिव्हरचा हुकूम झडपांपर्यंत पोचवणारा छोटा पायलट पंप बहुधा गिअर पंपच असतो. त्याच्या फ्लँजची आणि शाफ्टची मापे ठरीव झाली, त्यामुळे एका कंपनीचा पंप काढून दुसरीचा बसवता येऊ लागला. पूर्वी इंजिनघरात जाऊन जे काम मोजकी माणसे करत, ते आता हायवेकडेच्या गॅरेजमध्ये, उसाच्या फडात, खदाणीच्या तळाशी कुणीही पाने घेऊन करू शकत होता. ही मोठी मुक्ती होती आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण या मुक्तीबरोबर दाबही चौरस इंचाला सातशे पौंडांवरून तीन-साडेतीन हजारांवर गेला, आणि वर चढणारी ती पेटी नाहीशी झाली.

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो जाणकारांकडूनच येतो. गिअर पंप दाब धरून ठेवत नाही, असे ते म्हणतात. दात आणि घर यांच्यात केसाएवढी फट असतेच. इंजिन थांबले की त्या फटीतून तेल झिरपून पंपाच्या तोंडचा दाब थोड्या वेळात उतरतो. शिवाय तेल हवेसारखे दबत नाही. शंभर बार दाबाने ते एक टक्काही आकसत नाही, त्यामुळे सांधा सैल केला की चार थेंब गळतात आणि दाब संपतो. मग एवढे अवडंबर कशाला? या म्हणण्यातले भौतिकशास्त्र बरोबर आहे, आणि लिव्हर मध्यावर असताना तेल सरळ टाकीत परतणाऱ्या साध्या यंत्रावर अनुभवही त्याला दुजोरा देतो. पण हे सगळे पंपापुरते खरे आहे, आणि पंप एकटा नसतो. बूम हवेत असेल तर सिलिंडरमधल्या तेलावर बूमचे आणि बकेटचे वजन बसलेले असते. ते तेल चार थेंब गळून शांत होणार नाही, लोखंड खाली येईपर्यंत वाहत राहील. टिपरची बॉडी उचललेली असेल तर तिच्याखाली शिरलेल्या हेल्परसाठी हा फरक जिवाचा आहे. बकेट जमिनीला टेकली आहे एवढ्यानेही भागत नाही. ऑपरेटरने ती दाबून पुढची चाके उचलली असतील, तर तेल सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूला कोंडलेले असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला यंत्र अगदी निवांत बसल्यासारखे दिसते. अनेक एक्सकॅव्हेटरच्या पायलट लाइनवर आणि काही यंत्रांच्या ब्रेकच्या लाइनवर नायट्रोजन भरलेला छोटा अॅक्युम्युलेटर असतो. आर्मस्ट्राँगच्या पेटीचाच तो वंशज, पण तो लोखंडी डब्यात बंद आहे. भरलेला आणि रिकामा बाहेरून सारखाच दिसतो.

या दडलेल्या दाबाची एक इजा इतकी फसवी आहे की तिच्याबद्दल जरा विस्ताराने लिहिलेच पाहिजे. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या रीस नावाच्या डॉक्टरने डिझेल इंजिनमधले इंधन दाबाने कातडीत घुसल्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि वैद्यकाला या प्रकारच्या इजेची ओळख होऊ लागली. होजला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले की त्यातून तेलाची बारीक धार सुटते. चौरस इंचाला शंभर पौंडांच्या आसपासचा दाबही शाबूत कातडी भेदू शकतो. यंत्रातला दाब त्याच्या तीसपट असतो. बोटावर टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, रक्त जवळजवळ येत नाही, पहिल्या तासात दुखतही फारसे नाही. माणूस चिंधीने हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायूबंधांच्या आवरणांतून तळहाताकडे पसरत असते, सूज रक्तवाहिन्या आवळते, आणि काही तासांत ऊती मरू लागतात. २००६ मध्ये हातांच्या अशा ४३५ इजांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारे तीस टक्के रुग्णांचा अवयव, बहुतेकदा बोट, कापावा लागला होता, आणि शस्त्रक्रियेला लागलेला उशीर हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. गळती शोधायला बोट फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, हा नियम या अनुभवातून आला आहे.

कायद्याला हे समजायला वेळ लागला. भारताच्या १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये वीज किंवा शक्ती तोडण्याच्या साधनांचे कलम होते. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली, की ‘बंद’वरून चुकून ‘चालू’कडे सरकू शकणारे साधन बंद स्थितीत कुलूप लावून ठेवण्याची सोय असली पाहिजे. कुलपाची कल्पना इथे स्पष्ट आहे, पण रोख अजून यंत्र अचानक सुरू होण्यावर आहे. आत साठून राहिलेल्या शक्तीचा विचार त्या ओळींत नाही. अमेरिकेत मोटार कामगारांच्या युनियनने १९७९ मध्ये सरकारकडे कुलूपबंदीच्या तातडीच्या नियमाची मागणी केली. अंतिम नियम यायला १९८९ उजाडले. त्याच्या व्याख्येत विजेबरोबर हायड्रॉलिक, न्यूमॅटिक आणि उष्णतेची शक्तीही आली, आणि त्याने दोन पायऱ्या वेगळ्या नोंदवल्या: कुलूप लावल्यावर साठलेली शक्ती मोकळी करायची, आणि काम सुरू करण्याआधी ती खरोखर गेली आहे याची पडताळणी करायची. या नियमाच्या पालनाने दर वर्षी सुमारे १२० मृत्यू टळतात, असा तिथल्या सरकारी संस्थेचा अंदाज आहे. कुलूप लोकांच्या लक्षात राहिले कारण ते दिसते. माझ्या मते या नियमाचा खरा गाभा पडताळणी हा आहे. लंडनच्या पुलावर पेटी पाहून जे सहज कळत होते, ते कळून घेण्याची जबाबदारी इथे प्रथमच कुणाच्या तरी नावावर लिहिली गेली. खेदाची बाब ही, की हा नियम कारखान्यांसाठी आहे. बांधकाम आणि शेती त्याच्या कक्षेबाहेर राहिली, म्हणजे ज्या यंत्रांवर गिअर पंप सर्वाधिक आहेत त्यांतली बरीचशी.

अनुभवी मिस्त्रीला हे शिकवायची गरज नाही, तो कानाने आणि हाताच्या अंदाजाने ओळखतो, असे म्हटले जाते. या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे. महाराष्ट्रातली अर्धी यंत्रे त्याच्या जोरावर चालतात. पण अनुभव ज्या यंत्रावर मिळाला त्या यंत्रापुरता तो प्रामाणिक असतो. जुन्या बॅकहोवर लिव्हर थेट झडपेच्या स्पूलला जोडलेला असे. इंजिन बंद करून लिव्हर हलवला की स्पूल सरके आणि कोंडलेले तेल टाकीत जाई. नव्या एक्सकॅव्हेटरवर तीच हालचाल केली तर पायलट लाइनमध्ये दाब शिल्लक असेपर्यंतच स्पूल सरकतो; पुष्कळ यंत्रांवर त्यासाठी किल्ली ऑन आणि सीटजवळचा सेफ्टी लिव्हर खुला असावा लागतो. नसेल तर लिव्हर हाताला नेहमीसारखाच हलतो आणि आत काहीही घडत नाही. वीस वर्षे इमानाने केलेली कृती इथे पोकळ ठरते, आणि ते कानाला किंवा हाताला कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, की मग दोष माणसावर का टाकता, यंत्रेच सुरक्षित बनवा. ही मागणी योग्य आहे आणि गेल्या काही दशकांत बरेच काही झालेही. होज फुटला तरी बूम कोसळू नये म्हणून सिलिंडरच्या तोंडाशीच भार धरणारी झडप आली; बॅकहोचे पाय आपोआप मिटू नयेत म्हणून त्यांच्या सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह आले. त्यांनी जीव वाचवले आहेत. पण अशी प्रत्येक झडप तेल कोंडूनच आपले काम करते. काम चालू असताना संरक्षण देणारा भाग दुरुस्तीच्या वेळी दाबाचा आणखी एक बंद कप्पा ठरतो, आणि तो मोकळा करण्याची रीत निराळी असते. सुरक्षेचे यंत्र वाढले म्हणून पडताळणीचे काम कमी झाले नाही, उलट वाढले. तिसरी तक्रार वेळेची. भाड्याचे यंत्र उभे राहिले की मालकाचा मीटर चालू असतो आणि फिटरवर घाई लादली जाते. घाईने खरेच किती वाचते ते पाहावे: मॅन्युअलमधली तयारी, तेल निवण्याचा वेळ धरला तरी, अर्ध्या दिवसात बसते. घाईत पहारीने ओढून वाकडा काढलेला पंप, धूळ न पुसता उघडलेले पोर्ट, किंवा तेल न भरता कोरडाच चालवलेला नवा पंप काही मिनिटांत दात खरवडून घेतो आणि तेच यंत्र पुन्हा उभे राहते.

ही खबरदारी प्रत्यक्ष कामात कशी दिसते ते प्रेशर लाइनचा सांधा सोडताना पाहावे. सक्शनचा होज जाड आणि प्रेशरचा बारीक. आधी कुठला कोणता याची खात्री. टाकी पंपाच्या वर असेल तर सक्शनची झडप बंद, नसेल तर तेल काढून घेतलेले. मग चेहरा बाजूला, हातात मोजे, आणि नटाला फक्त पाव फेरी. आटे अजून धरलेले असतात, त्यामुळे उरलेला दाब असेल तर तो गळतीच्या रूपाने दिसतो आणि नट पुन्हा आवळता येतो. तेल सावकाश ओघळून थांबले तरच पुढची फेरी. ते थांबले नाही तर तेल कुठून येते आहे ते शोधेपर्यंत पाना खाली. एवढ्या पाव फेरीत आर्मस्ट्राँगची पेटी क्षणभर पुन्हा दिसते.

तरीही नट सैल करून दाब पाहावा लागणे ही काही चांगली व्यवस्था नव्हे, कारण त्यात पुरावा मिळवणारा माणूसच धोक्याच्या तोंडाशी उभा असतो. यावरचा उपाय माहीत नसलेला नाही. मोठ्या यंत्रांवर गेज जोडायचे छोटे टेस्ट पॉइंट असतात. होज न सोडता त्यावर गेज लावला की काटा शून्यावर आहे की नाही ते कळते. पंपाच्या किमतीच्या मानाने हा भाग फार स्वस्त आहे. गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या हायड्रॉलिक ट्रॉलीवर तो बहुतेकदा नसतो, आणि उचललेल्या ट्रॉलीखाली लावायचा लोखंडी टेकूही अनेकदा नसतो. ट्रॉलीची नोंदणी करताना, कारखान्याने उसाच्या वाहतुकीचा करार करताना, बँकेने कर्ज देताना या दोन वस्तूंची अट घालायला कुणाची हरकत असू नये. आयटीआयच्या डिझेल आणि ट्रॅक्टर मेकॅनिकच्या प्रात्यक्षिकात पंप उघडून दात मोजण्याइतकेच गुण, पंप उतरवण्याआधी गेजवर शून्य दाखवण्याला असावेत.